वीस रुपयांचा विमा आणि सोयाबीनचा विमा

मे महिना सरता सरता गावाकडच्या बहुतेक बँक खात्यांतून वीस रुपये कापले जातात. पासबुकावर त्याची एक ओळ उमटते आणि ती कशाची, हे अनेकांच्या लक्षातही राहत नाही. ते वीस रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे असतात. १ जूनपासून पुढच्या ३१ मेपर्यंत खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला, तर त्याच्या वारसाला दोन लाख रुपये मिळतात. २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा हप्ता बारा रुपये होता आणि २०२२ पासून तो वीस रुपये झाला.

महिना-दोन महिन्यांनी तोच खातेदार सातबारा, आधार कार्ड आणि पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र घेऊन सीएससी (सामाईक सेवा) केंद्रावर सोयाबीनचा विमा भरायला जातो. हिशेबाच्या सोयीसाठी विमा संरक्षित रक्कम हेक्टरी पन्नास हजार रुपये धरू. खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांसाठी शेतकऱ्याचा वाटा दोन टक्के असतो, म्हणजे तो एक हजार रुपये भरतो. पण हा एक हजार रुपये म्हणजे पूर्ण हप्ता नव्हे. उरलेली रक्कम केंद्र आणि राज्य सरकार निम्मी निम्मी भरतात, आणि ती किती मोठी असू शकते याचा अंदाज एका नियमावरून येतो. २०२० मध्ये केंद्राने असे ठरवले की, कोरडवाहू भागात हप्त्याचा दर तीस टक्क्यांच्या वर आणि बागायती भागात पंचवीस टक्क्यांच्या वर गेल्यास त्यावरच्या भागाचा वाटा केंद्र उचलणार नाही. अशी मर्यादा घालावी लागली, याचा अर्थ दर तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे जात होते. तीस टक्के दर म्हणजे पन्नास हजारांच्या संरक्षणासाठी पंधरा हजारांचा हप्ता.

अपघाताच्या विम्याला शेकडा एक पैसा पडतो आणि कोरडवाहू पिकाच्या विम्याला शेकडा तीस रुपयांपर्यंत. माणूस एकच आणि गावही एकच असताना एवढी तफावत का, हे नीट कळले तर विमा कशाचा उतरवता येतो, कशाचा येत नाही आणि सरकारला मध्ये का पडावे लागते, हे तिन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात.

अपघाताच्या विम्याचा हिशेब आधी पाहू. एक लाख लोकांनी वीस-वीस रुपये भरले की वीस लाख रुपये जमतात आणि त्यातून दहा कुटुंबांना दोन-दोन लाख देता येतात. एखाद्या वर्षी दहाऐवजी बारा अपघात झाले तर विमा कंपनीला तोटा होईल, आठ झाले तर फायदा होईल. मात्र दहाचे दहा हजार कधी होत नाहीत, कारण परळीत एकाला विजेचा धक्का बसला म्हणून जिंतुरात दुसऱ्याची दुचाकी घसरत नाही. प्रत्येकाचे दुर्दैव वेगळे आणि स्वतंत्र असते. कोणावर वेळ येणार हे सांगता येत नाही, पण साधारण कितीजणांवर येणार हे बऱ्यापैकी सांगता येते. जितके लोक जास्त, तितका हा अंदाज पक्का होतो. विम्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे आणि जोखीम विम्यायोग्य असण्याची ही पहिली अट आहे.

आता सोयाबीनकडे वळू. ऑगस्टमध्ये ऐन फुलोऱ्यात आणि शेंगा लागायच्या वेळी वीस-पंचवीस दिवस पाऊस उघडला, तर एका शेतकऱ्याचे पीक वाळते आणि शेजाऱ्याचे तरते असे सहसा होत नाही. अख्खे महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट, वाळते, बहुधा तालुका वाळतो आणि २०१५ सारखे वर्ष असेल तर मराठवाड्याचे आठही जिल्हे होरपळतात. अशा वेळी एक लाख विमेदार असले काय आणि दहा लाख असले काय, विमा कंपनीच्या दृष्टीने तो जवळजवळ एकच मोठा विमेदार असतो. ज्यांच्या पैशातून भरपाई द्यायची, तेच सगळे भरपाईच्या रांगेत उभे असतात. इर्जिक घालताना गावातले सगळे एकाच्या शेतावर राबतात, कारण त्या दिवशी इतरांची औते मोकळी असतात. सगळ्यांचीच पेरणी एका दिवशी आली तर इर्जिक घालणार कोण?

यावर विमा कंपन्यांचा स्वतःचा उपाय म्हणजे पुनर्विमा. कंपनी आपल्याकडची जोखीम दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे अंशतः सोपवते. भारतात हे काम प्रामुख्याने सरकारी मालकीचे भारतीय साधारण विमा निगम करते आणि तेही जोखमीचा काही भाग परदेशी पुनर्विमा कंपन्यांवर टाकते. लातूरचा दुष्काळ आणि जपानचा भूकंप एकाच वर्षी येण्याचे काही कारण नाही, हा त्यामागचा विचार. तो बरोबरच आहे, पण एवढी मोठी जोखीम अंगावर घेणारा त्याचा मोबदलाही मागतो आणि तो मोबदला हप्त्यात मिसळतो. शेकडा तीस रुपयांमध्ये पिकाच्या सरासरी नुकसानीखेरीज सगळे एकदम बुडण्याच्या भीतीचीही किंमत धरलेली असते.

विम्यायोग्य जोखमीची दुसरी अट अशी की, धोका मोजता आला पाहिजे. या बाबतीत मराठवाड्याने एक भयंकर धडा पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. बावन्न गावे जमीनदोस्त झाली आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाच्या घरांखाली हजारो माणसे दबून गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. त्याआधी कोणी तिथे घरांचा भूकंप विमा विकला असता, तर त्या नकाशाच्या भरवशावर हप्ता नाममात्रच ठेवला असता आणि त्या एका पहाटेत ती कंपनी बुडाली असती. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा पहिले क्षेत्रच रद्द झाले. जिथे धोक्याची नोंदच नाही तिथे हप्ता कशावर ठरवणार? किल्लारीचे पुनर्वसन अखेर सरकारने केले, त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले आणि ते कर्ज साऱ्या राज्याच्या खात्यावर चढले. ते काही आधी ठरवून केलेले नव्हते. विम्याचा कागद नसताना विमा कंपनीचे काम सरकारच्या गळ्यात येऊन पडले, इतकेच.

तिसरी अट माणसाच्या स्वभावाशी जोडलेली आहे आणि माझ्या मते पीक विम्यातले निम्मे वाद तिथेच उगवतात. नुकसान झाले किती आणि ते कशाने झाले, हे विमा देणाऱ्याला कळले पाहिजे, आणि ते घडवून आणणे किंवा फुगवून सांगणे घेणाऱ्याच्या हातात असता कामा नये. दोन लाखांसाठी कोणी अपघातात मरत नाही. पण विमा उतरवल्यानंतर एक कोळपणी कमी केली, फवारणी लांबवली, तर ते शोधून कोण काढणार? पीक पावसाने गेले, किडीने गेले की हयगयीने गेले, हे वाळलेल्या झाडाकडे पाहून सांगणे कठीण असते. इथे शेतकऱ्यावर संशय घेण्याचा हेतू नाही. दुकानाला आगीचा विमा असला की दुकानदारही वायरिंगकडे जरा कमीच लक्ष देतो.

याची किंमत देशाने सुरुवातीलाच मोजली. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी एक प्रयोग सुरू झाला, ज्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या शेताचा स्वतंत्र विमा होता. पुढे तो आणखी काही राज्यांत नेला आणि १९७८-७९ पर्यंत चालवला. एवढ्या वर्षांत त्यात ३,११० शेतकरी आले, हप्ता ४.५४ लाख रुपये जमला आणि भरपाई ३७.८८ लाख रुपये द्यावी लागली, म्हणजे जमलेल्या पैशांच्या आठपटीहून अधिक.

याच सुमारास, १९७६ मध्ये, पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी वेगळी वाट सुचवली. एकेका शेताचा विमा उतरवूच नका, सारखे हवामान आणि सारखी जमीन असलेल्या क्षेत्राचा उतरवा, असे त्यांचे म्हणणे होते. क्षेत्राचे सरासरी उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली गेले तर तिथल्या सर्व विमेदारांना सारख्या टक्क्याने भरपाई मिळेल आणि नाही गेले तर कोणालाच मिळणार नाही. या मांडणीचे सौंदर्य असे की, एकट्या शेतकऱ्याने आपली कोळपणी चुकवली तरी मंडळाची सरासरी हलत नाही. उलट त्याने शेत नीट सांभाळले आणि मंडळ बुडाले, तर त्याला पीकही मिळते आणि भरपाईही. हयगय करण्याचे कारणच उरत नाही. १९७९ चा पथदर्शी प्रयोग, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सगळ्यांचा कणा हाच विचार आहे.

ही सरासरी पीक कापणी प्रयोगातून निघते कशी, ते मी अंबाजोगाई तालुक्यात चुलतभावाच्या शेजारच्या रानात एकदा उभे राहून पाहिले. ऑक्टोबरचे ऊन होते. कृषी सहायक, ग्रामसेवक, विमा कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी आणि बांधावर बसलेले पाच-सहा शेतकरी एवढी मंडळी जमली होती. कुठल्या गटात आणि त्या गटातल्या कुठल्या कोपऱ्यात मोजायचे, हे आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारख्या आकड्यांवरून ठरलेले होते, जेणेकरून कोणी चांगला किंवा वाईट तुकडा निवडू नये. दोरी आणि चार खुंट्या लावून दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा चौकोन आखला गेला. त्यातले सोयाबीन कापून ताडपत्रीवर बडवले, उफणले आणि वजनकाट्यावर ठेवले. मोबाइलमध्ये फोटो काढले गेले. काट्याने चार किलो दोनशे ग्रॅम दाखवले. बांधावरचा एक म्हातारा शेतकरी काट्यापेक्षा कंपनीच्या पोराच्या तोंडाकडेच पाहत होता.

पन्नास चौरस मीटरचे ते वजन दोनशेने गुणले की हेक्टरी ८४० किलो, म्हणजे ८.४ क्विंटल येतात. वाळल्यावरही वजन तेवढेच राहिले आणि मंडळातल्या सर्व प्रयोगांची सरासरी नेमकी तेवढीच निघाली, असे धरू. आता मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांचे सरासरी उत्पन्न हेक्टरी १५ क्विंटल असेल, तर महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या ७० टक्के जोखीम स्तराप्रमाणे उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली भरपाई सुरू होते ती पातळी, १०.५ क्विंटल ठरते. तूट २.१ क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या वीस टक्के. म्हणून पन्नास हजारांच्या वीस टक्के, दहा हजार रुपये हेक्टरी भरपाई. त्याच चौकोनात सव्वापाच किलो माल निघाला असता, तर बरोबर उंबरठा गाठला जाऊन भरपाई शून्य झाली असती. एका किलोच्या आसपासचा हा फरक असतो आणि त्यावर अख्ख्या मंडळाचे पैसे अडकलेले असतात. त्यामुळे चौकोन कुठे आखला, दाणे झाडाखाली किती गळाले, वजनाच्या वेळी ओलावा किती होता, यावर बांधाबांधावर तंटे होतात, आणि त्यात नवल नाही. सत्तर टक्क्यांचा अर्थही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंधरा क्विंटलचे अकरा झाले, तर शेतकऱ्याचे चार क्विंटल गेलेले असतात आणि विम्याच्या लेखी काहीही घडलेले नसते.

दांडेकरांच्या वाटेची किंमतही इथेच मोजावी लागते. माझे शेत ओढ्याकाठी आहे, पुराने ते खरवडून गेले, पण मंडळातल्या माळरानावर पीक चांगले आले. सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली, म्हणून मला काहीच मिळाले नाही. सरासरीचा विमा हा सरासरी शेतकऱ्याचा विमा असतो आणि तसा शेतकरी कुठल्याही गावात राहत नाही. ही फट बुजवण्यासाठी स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान, पेरणीच न होणे अशी जादा कलमे योजनेत आली. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत कळवायचे आणि मग पाहणी करणारा येणार. पण ही कलमे आली की वैयक्तिक विमा मागच्या दाराने परत येतो आणि १९७२ च्या कापसाच्या साऱ्या अडचणी त्याच्या पाठोपाठ येतात. शेत कोणी पाहिले, टक्के कोणी लिहिले, पंचनाम्यावर सही कोणाची, हे प्रश्न पुन्हा उभे राहतात.

आणखी एक अडचण विमा घेण्याच्या वेळेत दडलेली असते. ज्याचे शेत पाणथळ आहे तो न चुकता विमा भरतो आणि ज्याच्याकडे बारमाही विहीर आहे तो म्हणतो, मला कशाला. असे झाले की कंपनीकडे जोखमीचीच शेते जमतात, म्हणून हप्ता चढतो, मग मध्यम जोखमीचेही बाहेर पडतात आणि हप्ता आणखी चढतो. याला विम्याच्या भाषेत प्रतिकूल निवड म्हणतात. पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता, त्यामागे एक कारण हेच होते. २०२० च्या खरिपापासून ती सक्ती गेली. खरिपाचा विमा भरण्याची ३१ जुलै ही मुदत अनेक वर्षी वाढवली गेली. सीएससी केंद्रांवर सर्व्हर बंद असतो, ऐन वेळी गर्दी होते, त्यामुळे मागणी रास्त वाटते. पण मुदत वाढलेल्या प्रत्येक दिवशी शेतकऱ्याला आभाळ अधिक दिसलेले असते. पाऊस उघडलेला पाहून घेतलेला विमा म्हणजे शर्यत अर्ध्यावर आल्यावर बैल पाहून लावलेली पैज.

एवढ्या अटी मोडल्यावर खाजगी कंपनीने पाय मागे घेतला तर तिला दोष देता येत नाही. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी कोणतीही विमा कंपनी पुढे आली नाही. तेव्हा राज्य सरकार आणि केंद्राची भारतीय कृषी विमा कंपनी यांनी मिळून जो मार्ग काढला तो पुढे बीड पॅटर्न म्हणून ओळखला गेला आणि २०२२ मध्ये तो राज्यभर लागू झाला. त्याचा हिशेब शंभर रुपयांवर समजून घेता येतो. एकूण हप्ता शंभर रुपये जमला आणि भरपाई साठ रुपये द्यावी लागली, तर कंपनीने उरलेल्या चाळीसपैकी वीस ठेवायचे आणि वीस राज्याला परत करायचे. भरपाई पंचाण्णव झाली, तर कंपनीला पाचच उरतील. भरपाई एकशे तीस झाली, तर कंपनीने एकशे दहापर्यंत द्यायचे, म्हणजे पदरचे दहा घालायचे, आणि वरचे वीस राज्य सरकारने द्यायचे.

सरकारची विम्यातली भूमिका इतक्या स्वच्छपणे मांडणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. साधारण वर्षांतला चढउतार हा भाग विम्यायोग्य आहे, तो कंपनीकडे राहिला. सगळे एकदम बुडण्याचे वर्ष हा भाग विम्यायोग्य नाही, तो सरकारने उचलला. सरकार हे करू शकते, कारण त्याच्याकडे कर लावण्याचा आणि कर्ज काढण्याचा अधिकार असतो आणि एका वाईट वर्षाचा खड्डा ते पुढच्या दहा वर्षांत भरून काढू शकते. कंपनी एकाच वर्षात दिवाळखोर होते, राज्य तसे होत नाही. चांगल्या वर्षात कंपनीच्या नफ्याला लगाम बसतो, हाही या सूत्राचा गुण. मात्र एक खोट आहे. एकशे दहाच्या पुढचा पैसा कंपनीचा नसल्यामुळे तिथून पुढे खोटे दावे शोधण्याची तिची कळकळ आटते, आणि वाईट वर्षीच तर दावे सर्वांत जास्त असतात.

यानंतर राज्याने जो निर्णय घेतला, तो मला या सूत्राशी विसंगत वाटतो. २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा वाटाही राज्याने उचलला आणि अर्जामागे केवळ एक रुपया ठेवला. हेतू चांगला होता आणि अर्ज भरभरून आले. पण हप्ता हा विम्यात गाळणीसारखा काम करतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही, तो खिशातले हजार रुपये घालून विमा घेत नाही. एका रुपयाने ती गाळणी काढून टाकली. शिवाय अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला मात्र प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये मिळत होते. शेतकऱ्याचा एक रुपया आणि सीएससी केंद्राचे चाळीस, एवढ्यावरून पुढचे ओळखता येते. देवस्थानांच्या, सरकारी आणि अकृषक जमिनींवर विमा उतरवल्याचे अर्ज सापडले आणि त्यांत मराठवाड्यातले जिल्हे मागे नव्हते. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद होऊन दोन टक्क्यांचा हप्ता परत आला.

थोडे मागे गेले तर याच भूमीत सरकारी विम्याचा एक अस्सल नमुना सापडतो, फक्त त्याला कोणी विमा म्हटले नाही. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. वर सांगितलेल्या अटींवर ती तपासून पाहावी. सगळे एकदम बुडण्याची अडचण होती, पण तिचा पैसा दुष्काळी भागातून येत नव्हता. शहरातल्या नोकरदारांवर त्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे हप्ता मुंबईतला कारकून भरत होता आणि भरपाई भूममधला शेतमजूर घेत होता. दोघांवर एकाच वर्षी संकट येण्याचे कारण नव्हते. खोट्या दाव्यांची अडचण तर त्याहून सुंदर सुटली, कारण भरपाई मागायची तर उन्हात खडी फोडायला किंवा पाझर तलावाची माती उचलायला यावे लागे. ज्याच्या घरात ज्वारीची कणगी भरलेली आहे तो तिथे येत नसे. पंचनामा नाही, उंबरठा उत्पन्न नाही, बहात्तर तास नाहीत. हजेरीपटावरच्या खोट्या नावांनी ही योजनाही पुढे पोखरली, हे खरे. तरी तिची मूळ बांधणी करणाऱ्यांना विम्याचे मर्म कळले होते, असे म्हणावेसे वाटते.

कधी कधी मात्र जोखीम पूर्णपणे विम्यायोग्य असूनही सरकार कंपनीला बाजूला करते. शेतकऱ्यांच्या अपघातांसाठीची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आधी विमा कंपन्यांमार्फत चालत असे. सर्पदंश, वीज पडणे, विहिरीत पडणे, रस्ता अपघात यांसाठी वारसांना दोन लाख रुपये मिळत. कंपन्यांनी त्रुटी काढून दावे अडकवल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२३ पासून राज्याने ती सानुग्रह अनुदान योजना केली आणि पैसे थेट स्वतः द्यायला सुरुवात केली. हिशेबाने हे चुकीचे नाही. राज्याएवढ्या मोठ्या समूहात दर वर्षीच्या अपघातांची संख्या फारशी हलत नाही, मग जोखीम वाहायला दुसऱ्याला नफा का द्यायचा? प्रश्न एवढाच राहतो की, कंपनीने दावा नाकारला तर तक्रार करायला ग्राहक आयोग असतो, आणि अनुदानाची तरतूद संपली असे उत्तर मिळाले तर विधवा बाईने कोणाकडे जायचे.

पिकांपलीकडची एक जोखीम मराठवाड्याच्या घराघरांत अलीकडे पोहोचली आहे, ती ठेवींची. एक बँक बुडाली की लोक दुसऱ्या बँकेपुढेही रांगा लावतात आणि धडधाकट बँकही त्या रांगेमुळे बुडू शकते, म्हणून ही जोखीमही दुष्काळासारखी एकदम पसरणारी आहे. १९६० मध्ये केरळातली पालाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर सरकारने कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण दीड हजार रुपयांचे होते, फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे. हप्ता बँक भरते. यात एक गंमत अशी की, पीक विम्याने पाऊस पडत नाही, पण ठेव विम्याने धोकाच कमी होतो. पैसे सुरक्षित आहेत हे कळले की रांगच लागत नाही.

हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थांना आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांना ते नाही. माझ्या आत्याने अंगणवाडीतून निवृत्त होताना मिळालेले पैसे अशाच एका मल्टिस्टेटमध्ये ठेवले, कारण व्याज जास्त होते आणि वसुलीला येणारा मुलगा ओळखीचा होता. तिने विचारलेही होते, ‘बाळा, सरकारी नोंदणी हाय ना रं?’ नोंदणी होती, काचेच्या चौकटीत लावलेलीही होती. शाखेला टाळे लागल्यावर विम्याचा कागद कोणता आणि नोंदणीचा कोणता, हे तिला समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर आली.

पुन्हा शेतावर येतो. एक रुपयाची योजना बंद करताना राज्याने स्थानिक आपत्तीसारखी जादा कलमेही काढून टाकली आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर ठेवली. दांडेकरांच्या मूळ विचाराकडे परतणे म्हणून त्याचे समर्थन करता येईल. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मांजरा, सीना, बिंदुसरा या नद्यांनी काठ सोडले आणि बीड-धाराशिवच्या अनेक शिवारांत पिकाबरोबर मातीही वाहून गेली. ज्यांनी हप्ता भरला होता, त्यांना त्या रात्रीच्या नुकसानीसाठी दावा करायला कलमच उरलेले नव्हते आणि मंडळाच्या सरासरीची वाट पाहणे एवढेच हाती होते. ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. केंद्राच्या तेव्हाच्या निकषानुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मदत ठरलेली होती आणि ती विमा न भरणाऱ्यालाही मिळते. हप्ता न भरता मदत मिळणार असेल तर हप्ता का भरावा, हा प्रश्न शेतकरी उघड विचारतो आणि अर्थशास्त्रज्ञही तोच विचारतात. फरक असा की, मदत किती आणि कधी हे त्या त्या वेळच्या सरकारवर अवलंबून असते, तर विम्याची भरपाई करारात लिहिलेली असते. लिहिलेले कलमच काढले की मग हा फरकही उरत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की, २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान स्थानिक आपत्तीत धरता येईल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्यांनी ठरवायचे आहे. हिंगोली-किनवटकडे रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी रात्रीतून उभे पीक आडवे केल्याचे नेहमी ऐकू येते, म्हणून ही जोखीम वरच्या अटींवर घासून पाहण्यासारखी आहे. पहिली अट ती सहज पूर्ण करते, कारण माझ्या रानात डुकरे शिरली म्हणून तालुक्यातली सगळी राने त्या रात्री उद्ध्वस्त होत नाहीत. या बाबतीत रानडुक्कर दुष्काळापेक्षा मोटारसायकलच्या अपघाताला जवळचे आहे. धोका मोजणे कठीण नाही, दोन-चार वर्षांच्या नोंदी पुरतील. अडणार ते तिसऱ्या अटीवर. कुंपण घातले होते की नाही, जागलीला कोणी होते की नाही, आणि मुख्य म्हणजे शेंगा डुकरांनी खाल्ल्या की गावातल्या मोकाट गुरांनी, हे पाहणी करणाऱ्याने कसे ठरवायचे? बहात्तर तासांत मोबाइलवरून फोटो पाठवायचा आहे. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर खुरांचे ठसे दुसऱ्या सकाळपर्यंतही टिकत नाहीत.